वाटेचं टिपण शेवटच्या माणसासाठी लिहा

थंडी पडली की आपल्या जळगाव-धुळ्याकडे ट्रेकचे बेत शिजायला लागतात. पाटणादेवी, लळिंग, भामेर, तोरणमाळ. आणि मग जुनी टिपणं या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतात. अशाच एका टिपणाच्या भरवशावर मी एकदा 22 जणांना उन्हात अडकवलंय, म्हणून हे लिहितोय.

फेब्रुवारीचा शेवट होता. पाटणादेवीमागचे डोंगर. टिपणात लिहिलेलं, 'तासाभराने ओढा लागेल, पाणी भरून घ्यावे.' ओढा लागलाही. त्यात तापलेले काळे गोटे आणि त्यांवर गळून पडलेली पळसाची फुलं, बस. लिहिणारा ऑगस्टमध्ये गेला असणार, पण महिना कुठेच लिहिलेला नव्हता. एक गुराखी बाबा भेटले. म्हणाले, "भाऊ, आठे आते पानी नही. तठे झिरा शे." झिरा म्हणजे वाळूत हातभर खोल खड्डा, तळाशी पेलाभर पाणी. बाटलीच्या झाकणाने भरायचं, पुन्हा पाझरेपर्यंत थांबायचं. दीड तास गेला त्यात. सगळ्यात मागे चालणाऱ्या काकूंचे ओठ पांढरे पडलेले मला अजून दिसतात.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की खान्देशात वाटेच्या टिपणात पहिली ओळ महिन्याची हवी आणि दुसरी पाण्याची. धबधब्यांचे फोटो नंतर.

वेळेचंही तसंच. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा हिशोब आजही वापरतात: ताशी 5 किलोमीटर, वर दर 600 मीटर चढाला एक तास. म्हणजे 8 किलोमीटर आणि 400 मीटर चढ असेल तर सव्वादोन तास. हा हिशोब धडधाकट माणसाचा, थंड मुलखातला. आपल्याकडे 20-25 जणांचा ग्रुप असेल तर मी सरळ चार तास धरतो, कारण ग्रुपची चाल शेवटचा माणूस ठरवतो. लीडने, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्याने, किती वेळात गाठलं, ते टिपणात लिहून काय उपयोग?

नकाशा जरूर बघा, पण सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या शीटवर दोन समोच्च रेषांमध्ये (सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांमध्ये) 20 मीटरचा फरक असतो. आपला सगळा डोंगर बेसाल्टच्या थरांचा. 15 मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. तो फक्त पायाला कळतो. म्हणून रेकी, म्हणजे आधी स्वतः जाऊन वाट बघून येणं, हवीच, आणि तीही ट्रेकच्या आधीच्या आठवड्यातली. वनखात्याची परवानगीही त्याच फेरीत विचारून घ्या.

आणि 'मोठ्या झाडापासून डावीकडे' असं कृपा करून लिहू नका. जाताना जी डावी, ती येताना उजवी. माझ्या वहीत आता असं असतं: 'अंजनाच्या दोन झाडांमधून ढोरवाट उत्तरेला उतरते, ती सोडायची. डोंगराच्या सोंडेवरूनच चढत राहायचं. परतताना इथेच चुकायला होतं, मागे वळून खिंड बघून ठेवावी. डिसेंबरनंतर ओढा कोरडा, माणशी तीन लिटर पाणी खालूनच.'

तुमच्याकडे वाटांची टिपणं असतील तर महिना घालून कमेंटमध्ये टाका. सातपुड्याकडची असतील तर आधी.