दक्षिण युरोपातला आफ्रिकी पूर्वज : शोधावा कसा, दडवावा कसा

दक्षिण युरोपात प्राचीन काळी आफ्रिकेतून माणसं आली का, याचं उत्तर डीएनएमधून काढायचं मनावर घेतलं असेल, तर आधी उत्तर ठरवून घ्या. लाळेची नळी नंतर. उत्तर ठरलेलं नसलं की माणूस आकडे वाचत बसतो, तळटीपा उघडतो आणि शेवटी ‘सहाराच्या दक्षिणेकडचा वारसा १ ते ३ टक्के, मिसळण सरासरी ५५ पिढ्यांपूर्वी’ अशा बेचव वाक्यापाशी येऊन थांबतो. २०११ च्या एका गाजलेल्या अभ्यासाचं असंच झालं. असल्या वाक्यावर ना निवडणूक लढवता येते, ना भाऊबंदांशी भांडता येतं.

या बाजारात गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. एकाला पोर्तुगालपासून ग्रीसपर्यंत आफ्रिकेचा एक थेंबही सापडायला नको असतो. दुसऱ्याला अख्खा ग्रीस सहारापलीकडून उचलून आणलेला हवा असतो. सुदैवाने दोघांनाही हत्यारं तीच लागतात.

दुसऱ्याचं काम सोपं, म्हणून ते आधी उरकू. एकच जनुक घ्या आणि तेही रोगप्रतिकारशक्तीचं. साथीच्या रोगांनी हजारो वर्षं अशा जनुकांची चाळणी केलेली असते, त्यामुळे ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा दोन समाजांतही त्यांचं प्रमाण सारखं निघू शकतं. म्हणजे आपलं काम झालं. २००१ मध्ये ‘एचएलए-डीआरबी१’ या एका जनुकाच्या आधारावर ग्रीकांचं मूळ सहाराच्या दक्षिणेला नेणारा निबंध खरोखरच छापून आला होता. पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये तिघा नामवंत आनुवंशिकीतज्ज्ञांनी या पद्धतीतली गंमत दाखवली : त्याच हिशेबाने जपानी माणसं पश्चिम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांची जवळजवळ सख्खी भावंडं ठरत होती. तुम्ही ही चूक करू नका. जपानची ओळ तक्त्यातून आधीच काढून टाका.

सिकलसेलचंही सोनं करता येतं. सिसिली आणि ग्रीसमधल्या सिकलसेलच्या जनुकाभोवती डीएनएचा जो नमुना दिसतो, तो पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन नावाच्या प्रकाराचा. तो तिथूनच उत्तरेकडे आला यात वाद नाही. पण ज्या किनाऱ्यावर मलेरिया, तिथे या जनुकाची एकच प्रत अंगात असलेली माणसं अधिक जगतात आणि तो पिढ्यागणिक पसरत जातो. येणारे मूठभर असले तरी जनुक पुष्कळांत सापडतो. हे वाक्य गाळा आणि जनुकाचं प्रमाण हेच रक्ताचं प्रमाण म्हणून जाहीर करा. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासींमधल्या सिकलसेलचं कुणी विचारलंच तर विषय बदला. तिथला नमुना अरब-भारतीय नावाचा, वेगळा आहे, आणि हा वेगळेपणा एकदा समजला की समोरचा सिसिलीबद्दलही नीट प्रश्न विचारू लागतो.

आता पितृवंशाकडे वळू. वाय गुणसूत्राचे गट वाचताना लांबलचक नावाची शेपटी छाटणं ही खरी कला. ‘ई१बी१बी’ एवढंच ठेवायचं आणि पुढे ‘आफ्रिकी’ लिहून मोकळं व्हायचं. शेपटी ठेवली तर घोळ होतो. ‘ई-एम८१’ ही फांदी मगरिबातल्या, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या, अमाझिग लोकांची, म्हणजे ज्यांना जग बर्बर म्हणतं त्यांची. ती स्पेन-पोर्तुगालात सापडली तर जिब्राल्टरच्या पलीकडून कुणी आलं होतं असं म्हणता येतं. ‘ई-व्ही१३’ ही मात्र बाल्कनमध्ये फोफावलेली फांदी; तिचे मूळ पूर्वज आफ्रिका सोडून इतक्या आधी निघाले की अल्बेनियातल्या मेंढपाळाला तिच्यावरून आफ्रिकी ठरवणं म्हणजे कहरच. तरी ठरवा. आणि दहा पिढ्या मागे गेलं तर वंशावळीत १,०२४ जागा असतात, वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच जागेबद्दल बोलतं, हे चुकूनही सांगू नका. उरलेल्या १,०२३ जागांना आवाज नसतो, हेच आपल्या पथ्यावर पडतं.

खरी कारागिरी संदर्भगट निवडण्यात आहे. कोणतीही टक्केवारी ‘कुणाच्या तुलनेत’ याशिवाय निघत नाही. पोर्तुगीज नमुन्यांसमोर आफ्रिकेचे प्रतिनिधी म्हणून फक्त नायजेरियातले योरुबा ठेवले, तर आकडा दोन-तीन टक्क्यांत येतो. शुद्धतावाल्यांनी इथेच थांबावं. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियातले नमुने ठेवले, तर नैऋत्य युरोपात ४ ते २० टक्क्यांपर्यंत जाणारे अंदाज मिळतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एक सहाराच्या दक्षिणेबद्दल विचारतो, दुसरा उत्तर आफ्रिकेबद्दल. त्यामुळे तुम्हाला हवा तो आकडा छापा आणि प्रश्न छापू नका.

या जागी एक खड्डा आहे, तो दोन्ही गिऱ्हाइकांनी ओळखून ठेवावा. मोरोक्कोतल्या आजच्या माणसाचा डीएनए ही काही शुद्ध आफ्रिकी मोजपट्टी नव्हे. तिथल्याच ताफोराल्टच्या गुहेत १५,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांचा वारसा त्यात आहे, सहाराच्या दक्षिणेचा आहे आणि युरोपाचाही आहे. काफ तहत अल-घर या गुहेतल्या सांगाड्यांनी दाखवलं की सुमारे ७,४०० वर्षांपूर्वी मोरोक्कोत शेती घेऊन पोहोचलेली माणसं आयबेरियातून, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालातून, समुद्र ओलांडून आली होती. सामुद्रधुनी जेमतेम १४ किलोमीटर रुंद, वाहतूक दोन्ही बाजूंनी. तेव्हा पोर्तुगालात सापडलेल्या ‘उत्तर आफ्रिकी’ वारशाचा एखादा भाग हा मुळात आयबेरियातून गेलेला आणि परतलेला असू शकतो. दोन माणसांत सारखा तुकडा सापडला, एवढ्याने तो कुठून कुठे गेला ते कळत नाही; त्यासाठी सहाराच्या दक्षिणेचे खुणेचे प्रकार त्या तुकड्यात आहेत का, आणि हे साम्य आयबेरियापासून उत्तरेकडे व पूर्वेकडे कसं कसं ओसरतं, हे पाहावं लागतं. एवढी मेहनत घेणाऱ्याला वाचक मिळत नाहीत.

तारखेचं काम त्याहून मजेदार. दर पिढीला गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि पूर्वजाकडून आलेले अखंड तुकडे आखूड होत जातात. ही लांबी सेंटीमॉर्गन या एककात मोजतात; ५५ पिढ्यांनी तुकड्याची सरासरी लांबी साधारण १.८ सेंटीमॉर्गन उरते. घरगुती चाचण्यांमध्ये नातेवाईक जुळवताना ७-८ सेंटीमॉर्गनच्या खालचे तुकडे सहसा मोजत नाहीत, कारण तिथे खोटी जुळणी फार. म्हणजे शुद्धतावाल्यांनी हाच चिमटा लावायचा : प्राचीन मिसळण जाळीतून आपोआप खाली पडते आणि यादीत फक्त कालपरवाचे चुलतभाऊ उरतात. आपल्याकडच्या सिद्दी समाजावर हा चिमटा चालत नाही, तिथली मिसळण सुमारे २०० वर्षांपूर्वीची, तुकडे लांबच लांब.

पिढ्यांची वर्षं करताना हात सैल सोडा. ५५ पिढ्या गुणिले २९ वर्षं म्हणजे सुमारे १,६०० वर्षं, रोमन साम्राज्याची अखेर. पण पिढी २० वर्षांची धरली तर तुम्ही थेट मुसलमानी अमलातल्या कोर्दोब्यात उतरता आणि ३५ ची धरली तर रोमन बादशहा तख्तावर सापडतात. एका गुणाकारात ८०० वर्षांची सोय. शिवाय हे गणित ‘मिसळण एकदाच झाली’ असं गृहीत धरतं. पहाटे सहाला एक पाहुणा आला, संध्याकाळी सहाला दुसरा, आणि सरासरी काढून आपण सांगायचं की दुपारी बाराला घरात गर्दी होती, तसं हे. रोमन काळात काही आले, ७११ मध्ये तारिक या मुसलमान सेनापतीबरोबर स्पेनमध्ये मुख्यतः अमाझिग सैन्य उतरलं, १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरात गुलामांची पहिली मोठी खेप उतरली. सरासरी तारीख यातल्या कुणाचीच नसू शकते. तरीही ती ठळक अक्षरांत छापा. स्पेनमधल्या १,४१३ जणांच्या नमुन्यांवर २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासाने ही मिसळण इ. स. ८६० ते ११२० मधली काढली, हे लक्षात असू द्या, म्हणजे मुद्दाम विसरता येईल.

नमुने कुठून गोळा करायचे, यात शुद्धतावाले हमखास फसतात. त्यांना वाटतं, स्पेनची दक्षिण म्हणजे मूर (उत्तर आफ्रिकेतून आलेले मुसलमान), उत्तर म्हणजे निर्मळ. १४४९ मध्ये तोलेदो शहराने ‘रक्तशुद्धी’चा नियम काढला, तेव्हापासून उत्तरेकडच्या घराण्यांना आपल्या स्वच्छ वंशाचा भारी तोरा. डीएनए हा नकाशा मानत नाही. २००८ च्या वाय गुणसूत्रांच्या मोजणीत आयबेरियात उत्तर आफ्रिकी वंश सरासरी १०.६ टक्के निघाला, आणि तो वायव्येला भरपूर, पूर्व अंदालुसियात मात्र कमी. ज्या ग्रानादात १४९२ पर्यंत मुसलमानी राज्य होतं, तिथलेच आकडे लाजरे! कारण साधं आहे : १५६८ ते १५७१ च्या बंडानंतर ग्रानादातल्या मोरिस्कोंना, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मुसलमानांना, उचलून कास्तियात विखुरलं, १६०९ ते १६१४ मध्ये उरलेल्यांना देशाबाहेर हाकललं, आणि रिकाम्या गावांत उत्तरेकडची माणसं वसवली. पूर्व स्पेनमधल्या सेगोर्बे गावात अकराव्या शतकातल्या एका उंचापुऱ्या माणसाचा सांगाडा सापडला. आई-बाप दोन्हीकडून उत्तर आफ्रिकी खुणा. आज त्या भागातल्या लोकांत त्याच्या वारशाचा मागमूस नाही. तेव्हा शुद्धतेचा दाखला हवा असेल तर ग्रानादाला जा, नाहीतर बास्क प्रांतात, जिथे आकडा शून्याला टेकतो. वायव्येकडच्या गालिसियाच्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्या पक्षाने गालिसियातून नमुने आणावेत आणि खाली ‘अंदालुसिया’ लिहावं, कुणाला शंका येणार नाही.

उरली हाडं. माद्रिदजवळ कामिनो दे लास येसेरास इथला एक पुरुष इ. स. पू. २४७३ ते २०३० मधला, संपूर्ण उत्तर आफ्रिकी वारशाचा. दक्षिण स्पेनमधल्या कादिसजवळच्या लोमा देल पुएर्कोची एक व्यक्ती त्यानंतरची, वारसा सुमारे चौथा हिस्सा. सार्डिनियातल्या आंगेलू रूयूच्या थडग्यांतला आणखी एक, पुन्हा त्याच सुमाराचा. त्या काळच्या आयबेरियात आफ्रिकी हत्तीचं हस्तिदंतही सापडतं, म्हणजे माल आणि माणसं एकाच वाटेने आली असावीत. उत्साही पक्षाने या तिघांना ‘महालोंढा’ म्हणावं. यातली आयबेरियातली दोन माणसं ज्या अभ्यासातून पुढे आली, त्यात २७१ प्राचीन माणसं तपासली आणि रोमनपूर्व काळात असा वारसा क्वचितच दिसला, हे सांगू नये. विरुद्ध पक्षाने ‘नमुना भेसळीचा आहे’ असं ओरडावं. त्यासाठी काही वाचायची गरज नाही. वाचलंत तर कळेल की जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन या डीएनएच्या ‘अक्षरा’च्या जागी थायमिन हे दुसरं अक्षर दिसतं, आजच्या माणसाच्या घामातून आलेल्या डीएनएत ते नसतं, आणि कालमापन त्याच हाडाचं केलेलं असतं. मग ओरडण्यातली मजा जाते.

सगळं जमून आलं, घरगुती चाचणीत मनासारखा आकडा मिळाला, की पडद्याचा फोटो ताबडतोब काढून ठेवा. कंपन्या मधूनमधून संदर्भगट बदलतात, आणि लाळ तीच असूनही तुमचे ३ टक्के मोरोक्को एका सकाळी सार्डिनियात जाऊन राहतात.