राहिलेला आकडा कुणाचं देणं लागत नाही

मोबाईलवर फिरणारा एक मजकूर मला गेल्या महिन्यात तीन जणांनी पाठवला. वर मटक्याच्या जुन्या निकालांच्या चार्टचा फोटो, खाली तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या. बरेच दिवस न आलेला आकडा आता यायलाच हवा. शेवटी सगळे आकडे सारखेच येतात, म्हणून मागे पडलेला भरपाई करतो. आणि तिसरी, शिकलेल्यांनाही पटणारी: तीस खेळींत एखादा आकडा येण्याची शक्यता ९६ टक्के असते, हे गणितच सांगतं.

पाठवणाऱ्यांपैकी एक दादा रिक्षा चालवतात. त्यांची चौकटीची वही मी पाहिली आहे. रोजचे ओपन-क्लोज, म्हणजे मटक्याचे पहिले आणि दुसरे निकाल, निळ्या पेनाने, आणि राहिलेल्या आकड्यांभोवती लाल गोल. एवढी मेहनत करणाऱ्या माणसाला ‘हे सगळं खोटं’ म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही.

आधी हे मान्य करतो की हा समज हवेतून आलेला नाही. घरच्या तंबोल्यात तो बरोबर ठरतो. ९० पैकी ६० आकडे पुकारून झाले आणि तुमचा ४७ अजून राहिलाय, तर पुढच्या पुकाऱ्याला तो येण्याची शक्यता नव्वदात एकवरून तिसात एकवर आलेली असते. कारण निघालेला आकडा पिशवीत परत जात नाही. लॉटरीत मात्र नव्या सोडतीआधी सगळे आकडे परत आत जातात. काल कोण आलं, कोण राहिलं, याची खूण त्या चेंडूंवर कुठेच नसते. आपण तंबोल्याचा नियम लॉटरीला लावतो, चूक तिथे आहे.

दुसरी गोष्ट, भरपाईची. नाणं १०० वेळा उडवलं आणि ६० छापे, ४० काटे पडले. पुढच्या ९०० वेळांत अगदी निम्मे-निम्मे पडले, तर एकूण छापे ५१० आणि काटे ४९०. टक्केवारी ६० वरून ५१ वर आली, पण फरक होता तेवढाच राहिला, वीसचा वीस. काट्याने काहीही भरून काढलं नाही. नवी भर इतकी मोठी झाली की जुना फरक तिच्यात विरून गेला. ‘शेवटी सगळे सारखे’ याचा अर्थ एवढाच आहे.

आता ते ९६ टक्के. शून्य ते नऊ असे दहा आकडे, दर खेळीला एक येणार असं धरू. एक आकडा सलग तीस वेळा न येण्याची शक्यता साधारण ४ टक्के, म्हणून येण्याची ९६. हिशेब बरोबर आहे, पण तो पहिली खेळी होण्याआधीचा आहे. चार्ट बघणारा माणूस एकोणतीस वेळा आकडा चुकल्यानंतर पैसे लावतो. समजा हजार जण एकेक आकडा धरून बसले. एकोणतीस खेळी होऊन गेल्यावर ज्यांचा आकडा अजून आलाच नाही असे सुमारे ४७ उरतील. तिसाव्या खेळीला त्यांतल्या पाचेक जणांचा लागेल, बाकीचे ४२ तसेच राहतील. म्हणजे पुन्हा दहात एक. ९६ टक्क्यांतला बहुतेक वाटा आधीच लागून गेलेल्यांचा होता, तो या ४७ जणांच्या वाट्याला येत नाही.

याची भयंकर किंमत इटलीने मोजली आहे. तिथल्या लोट्टोत दर शहराच्या सोडतीत ९० पैकी ५ आकडे निघतात, म्हणजे एक आकडा येण्याची शक्यता अठरात एक. व्हेनिसच्या सोडतीत मे २००३ नंतर ५३ आलाच नाही. दर आठवड्याला दोन सोडती होत गेल्या, आणि लोक ‘आता येईलच’ म्हणत रक्कम वाढवत गेले. साडेतीन अब्ज युरोंच्या वर पैसा त्या एका आकड्यावर लागला. घरं कर्जात बुडाली, माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. ९ फेब्रुवारी २००५ ला ५३ निघाला. त्या दिवशीही त्याची शक्यता अठरात एकच होती, आणि ज्यांचा लागला त्यांना मिळाले लावलेल्या पैशांच्या अकरापटीच्या आसपास.

इतका काळ न येणं हा चमत्कारही नव्हता. दहा शहरं, प्रत्येकी ९० आकडे. मी कागदावर मांडून पाहिलं तर एवढा लांब खंड कुठल्या ना कुठल्या शहरात सरासरी सहा-सात वर्षांतून एकदा पडतो. तो कुठे पडेल आणि कधी संपेल, हे मात्र चार्ट सांगू शकत नाही.

यावर रिक्षावाले दादा म्हणाले, “सर, हे सगळं सोडत सरळ असेल तर. मटक्यात वरून सेटिंग असतं.” ठीक, तसं धरू. एखादा चेंडू जड असल्यामुळे येत नसेल, तर तो पुढेही कमीच येईल, म्हणजे चार्टवरून निष्कर्ष उलटा निघतो. आणि आकडा कुणी मुद्दाम ठरवत असेल, तर तो आधी कशावर किती पैसे लागलेत ते बघणार. ज्याच्यावर सगळा बाजार तुटून पडलाय, तो आकडा तो कशाला उघडेल? त्या वहीतले लाल गोल नेमके त्याच आकड्यांभोवती आहेत.