अकरावीचा अर्ज भरण्याआधी आवड तपासायची कशी

"मला बायो आवडतं." "त्याला कॉम्प्युटरची आवड आहे." "तिला माणसांत राहायला आवडतं." दहावीचा निकाल जवळ आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत घरोघरी ही वाक्यं ऐकू येतात आणि त्यांच्या भरवशावर ऑनलाइन अर्जात शाखा भरली जाते. अशा वाक्यांवरून निर्णय घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यांत कामाचं क्रियापदच नसतं. बायो आवडतं म्हणजे नेमकं काय करायला आवडतं? सुबक आकृत्या काढायला? न डगमगता जखम बांधायला? चिखलात उभं राहून पक्षी मोजायला? की धडा स्वतःला समजल्यावर तो मैत्रिणीला समजावून सांगायला? ही चार वेगळी कामं आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचा दिवस निराळा असतो.

सोसायटीच्या गणपतीचे दिवस आठवा. उत्सव एकच, पण एक मुलगा पुठ्ठा कापून मखर उभं करण्यात रात्रीचे दोन वाजवतो. दुसरी पावतीपुस्तक घेऊन वर्गणीचा पै-पैचा हिशोब जुळवते आणि तो जुळेपर्यंत उठत नाही. तिसऱ्याच्या हातात माईक. चौथा लायटिंगची माळ कुठे तुटली ते शोधत बसतो. पाचवी कोणाला किती वाजता बोलवायचं, आरतीनंतर प्रसाद कोण वाटणार हे ठरवते आणि कोणाशी न भांडता करून घेते. "गणपतीची आवड" सगळ्यांनाच आहे. करिअरसाठी उपयोगाची माहिती आहे ती कोणी काय केलं यात.

म्हणून पहिलं काम वहीचं. १४ दिवस, रोज रात्री ५ मिनिटं, चार रकाने: काय केलं, किती मिनिटं केलं, कोणी सांगितलं की आपणहून सुरू केलं, आणि अडलं तेव्हा काय केलं. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा आणि तोच बहुतेक मुलं कोरा सोडतात. अडल्यावर सोडून दिलं, कोणाला तरी विचारलं, की जेवणानंतर पुन्हा घेऊन बसलो, हे एका शब्दात तरी लिहाच. दोन आठवड्यांनी लाल पेनाने फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा: जुळवलं, मोजलं, समजावलं, दुरुस्त केलं, विकलं, रंगवलं. जी क्रियापदं तीनहून जास्त वेळा, न सांगता आणि अडूनही पुन्हा आली आहेत, ती वेगळी काढा. इथे एक फसगत हमखास होते. क्रिकेट बघणं, रील्स बघणं, गेम खेळणं यांचे तास सर्वांत जास्त भरतात. बघण्याची आवड खोटी नसते, पण करण्याच्या आवडीची खात्री ती देत नाही. त्यामुळे बघणं आणि करणं यांची बेरीज वेगवेगळी करा. मॅच बघताना मुलगा स्वतः धावांचा तक्ता मांडत असेल, तर ते "करणं" आहे, तेही लिहा.

यानंतर चाचणी. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये कामांच्या आवडींची मांडणी केली आणि पुढे तिचे सहा गट रूढ झाले: हाताने-यंत्राने करण्याची कामं, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदत करण्याची, पुढाकार घेऊन पटवण्याची-विकण्याची आणि नोंदी-हिशोब नीट ठेवण्याची. याच सहा गटांवर आधारलेली 'ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर' ही ६० प्रश्नांची चाचणी अमेरिकेच्या कामगार खात्याने नेटवर फुकट ठेवली आहे. शेवटी येणारी नोकऱ्यांची आणि पगारांची यादी अमेरिकेची आहे, ती बाजूला ठेवा. आपल्याला हवेत फक्त वरचे तीन गट. उत्तर देताना "हे मला जमेल का" आणि "यात पैसे किती" हे दोन्ही विचार दूर ठेवायचे, प्रश्न फक्त "करायला आवडेल का" एवढाच आहे. आईबाबा शेजारी बसले असतील तर उत्तरं बदलतात, म्हणून मुलाला एकट्याने सोडवू द्या. सहाही गटांचे गुण जवळजवळ सारखे आले तर घाबरू नका. मुलाने अजून पुरेशी कामं हाताळलेली नाहीत एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. दोन-तीन महिने वेगवेगळी कामं करून मग पुन्हा घ्या.

आपल्या राज्य मंडळानेही २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती. तिच्या निकालाचा अनेक घरांत "तुझा कल कॉमर्सकडे, म्हणजे तू कॉमर्समध्ये हुशार" असा अर्थ लावला गेला. कल वेगळा, क्षमता वेगळी. कल काय करावंसं वाटतं ते सांगतो. किती लवकर जमेल ते अभिक्षमता चाचणी सांगते. दोन्हींची गल्लत झाली की चांगली चाचणीही चुकीचा रस्ता दाखवते.

आणि एक कळकळीची विनंती. बोटांचे ठसे घेऊन "जन्मजात बुद्धिमत्ता" आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटी नावाच्या चाचणीवर हजारो रुपये घालवू नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. त्यांवरून मुलाला वकिली आवडेल की वेल्डिंग, हे सांगता येतं याला शास्त्रीय आधार नाही. अहवाल रंगीत आणि जाडजूड असतो, त्यामुळे विश्वास बसतो. तेवढ्या पैशांत खालच्या सगळ्या गोष्टी करून वर बरेच पैसे उरतील.

वहीतून आणि चाचणीतून दोन-तीन क्रियापदं हाती आली की ती खऱ्या कामावर घासून बघायची. आपल्याकडे हे करायला फार लांब जावं लागत नाही.

वकिली डोक्यात असेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात एक पूर्ण सकाळ बसा. न्यायालयाचं कामकाज साधारणपणे सगळ्यांना बघता येतं. दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारून आत जायचं, मोबाईल बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही. मालिकांमधली भाषणं तिथे नाहीत. बोर्डावर प्रकरणांची रांग असते, बऱ्याच जणांना पुढची तारीख मिळते, आणि उलटतपासणी चालली तर एका कागदावरच्या एका तारखेवर वीस मिनिटं जातात. ती वीस मिनिटं ऐकताना मान पुढे झुकली तर ती खरी खूण समजा.

निसर्गाची आवड असेल तर ठाणे खाडी आहे. २०१५ मध्ये तिचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा, किंवा नेरुळला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळ उभं राहा, पण आधी भरती-ओहोटीची वेळ बघून जा. मग फोटो न काढता दोन तास फक्त मोजा. थव्यातले १० पक्षी नीट मोजून घ्या, तेवढी जागा डोळ्यात भरा आणि तसे किती गठ्ठे होतात ते लिहा. दर १५ मिनिटांनी वेळ, पाण्याची पातळी, अंदाजे संख्या. क्षेत्रावर काम करणाऱ्या अभ्यासकाचा बराचसा दिवस असाच जातो. अर्ध्या तासात कंटाळा आला तर पक्षी आवडतात, पक्ष्यांचं काम आवडत नाही, हे कळलं. फुकटात आणि वेळेत कळलं.

व्यापाराकडे ओढा असेल तर पहाटे वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, मोठ्या माणसासोबत जा. एकच माल निवडा, समजा टोमॅटो. आवक किती, गाळ्यागणिक दर किती, आणि सकाळ सरते तसा तो कसा बदलतो याची तीन वेळा नोंद करा. उरलेला माल उद्या कमी किमतीचा होणार हे दडपण प्रत्येक सौद्यात दिसतं. त्या दडपणात मजा वाटते का, हा तिथला प्रश्न आहे.

यंत्रांसाठी घरातला बंद पडलेला टेबल फॅन पुरतो. प्लग काढून ठेवा, कपॅसिटरला (वीज साठवणाऱ्या भागाला) हात लावायचा नाही, शेजारी जाणतं माणूस हवं. प्रत्येक पायरीचा फोटो, आणि स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये काढलेल्या क्रमाने. उघडायला सगळ्यांनाच आवडतं. कसोटी परत जोडताना लागते, एक वॉशर हातात उरतो तेव्हा. तो कुठला, हे शोधायला जो पुन्हा सगळं उघडतो त्याने आयटीआयचा किंवा डिप्लोमाचा विचार मनापासून करावा. फिटरचा अभ्यासक्रम २ वर्षांचा, वेल्डरचा १ वर्षाचा. दहावीनंतरचा इंजिनिअरिंग डिप्लोमा ३ वर्षांचा असतो आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या शेजारी राहूनही आपण हा रस्ता "मार्क कमी पडले तर" म्हणून ठेवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एका प्रयत्नावर मात्र निकाल देऊ नका. ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची सोपी, रंजक फिल्म दाखवली आणि नंतर त्याच विषयावरचा कठीण लेख वाचायला दिला. आवड तयारच असते, ती फक्त शोधायची असते असं मानणाऱ्यांचा रस लेख अवघड जाताच जास्त ओसरला. आवड वाढवावी लागते असं मानणाऱ्यांचा रस त्या मानाने टिकला. म्हणून प्रत्येक कामाला किमान तीन बैठका द्या, आणि त्यातली एक मुद्दाम अवघड ठेवा. कोडिंगमध्ये दुसऱ्याचा बिघडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करणं, चित्रकलेत एकाच तांब्याची वेगवेगळ्या कोनांतून २० रेखाटनं.

बक्षिसांबद्दलही सावध राहा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं अशा लहान मुलांवर प्रयोग केला. "काढलंस तर बक्षीस" असं आधी सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. प्रमाणपत्रांनी भिंत भरलेल्या मुलाला म्हणून एक महिना स्पर्धेशिवाय तेच काम करू द्या आणि वहीत मिनिटं बघा.

काम करणाऱ्या माणसाशी ३० मिनिटं बोला. "कसं वाटतं" असं विचारलं की गुळगुळीत उत्तर येतं. "कालचा दिवस सकाळपासून सांगा," "महिन्यातला सगळ्यात त्रासाचा दिवस कोणता," "पहिली दोन वर्षं काय काम दिलं होतं" हे विचारा. सीएच्या ऑफिसात त्रासाच्या दिवसाचं उत्तर बहुधा ११ आणि २० या जीएसटी रिटर्नच्या तारखांभोवती येईल, आणि आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकण्याची, २ वर्षं कशी जातात ते माहितीपुस्तिकेपेक्षा स्वच्छ कळेल.

आवड अजून पक्की नसेल तर दारं उघडी ठेवणारे विषय घ्या. अकरावीला गणित सोडलं की इंजिनिअरिंगची बहुतेक दारं मिटतात. आर्किटेक्चरलाही बारावीत गणित लागतं, आणि "ड्रॉइंग चांगलं आहे" म्हणून तिकडे निघालेल्या कित्येक मुलांना हे बारावीनंतर कळतं. गणित आणि बायो दोन्ही घेता येतात, पण अभ्यासाचे तास खरोखर वाढतात. नुसत्या भीतीपोटी हा भार घेऊ नका, वहीत दोन्हीकडची क्रियापदं असतील तर घ्या.

या सगळ्यासाठी सगळ्यात चांगला महिना नववीनंतरचा एप्रिल. परीक्षा संपलेली असते, दहावीचे क्लास पुरते अंगावर आलेले नसतात, फ्लेमिंगो अजून खाडीत असतात, मे महिन्याची कोर्टाची सुट्टी लागायची असते आणि वाशीच्या फळबाजारात हापूसची आवक जोरात असते. तो हुकला असेल तर दहावीची परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंतचे आठवडे आहेत. त्यातले पहिले १४ दिवस वहीला, मग एक दिवस चाचणीला, आणि उरलेल्या दिवसांत दोन कामांच्या प्रत्येकी तीन बैठका. अर्जातली पसंती त्यानंतर भरा, आणि भरताना वही शेजारी उघडी ठेवा.