मिंटवाल्यांनी वाय-फाय कुठे विचारावं?

हौसेने लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीत आणि वाय-फाय गायब? अभिनंदन! आता मदत मागायला निघा. त्याआधी आपलं कूळ पाठ करा. मिंट उबुंटूवरून घडलं, उबुंटू डेबियनवरून; सगळी लिनक्सचीच घराणी. म्हणजे तुम्ही डेबियनचे नातू. मात्र या नात्याच्या भरवशावर कोणाच्या पंगतीला बसू नका.

पहिला मान 'आस्क उबुंटू' या प्रश्नोत्तरांच्या साइटचा. ब्रॉडकॉमचं वाय-फाय कार्ड तेच, ते चालवणारा ड्रायव्हर तोच, अहो, बहुतेक सॉफ्टवेअर पॅकेजंसुद्धा उबुंटूच्याच कोठारातली. तरी प्रश्नात 'मिंट' हा शब्द ठळक लिहा. खरेपणाचं फळ लगेच मिळतं: विषयाबाहेरचा प्रश्न, 'युनिक्स अँड लिनक्स'कडे जा. दोन्ही घरं स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तर-साइटींच्या जाळ्यातलीच, पण वाटण्या झाल्या की सख्ख्या भावाच्या विहिरीवरही विचारूनच जावं लागतं.

धीर सुटून तोच प्रश्न दोन्हीकडे टाकलात, तर या मंडळींचं सहकार्य काय असतं ते दिसेल. दोन्हीकडचे जाणकार (पुष्कळदा माणूस एकच, दोन टॅबमध्ये बसलेला) क्रॉस-पोस्टिंगबद्दल तुम्हाला एका सुरात झापतील.

आर्च हे आणखी एक लिनक्स. त्याच्या फोरमवर त्यावरूनच घडलेल्या मांजारोवाल्यांनाही उभं करत नाहीत, तिथे तुमची काय कथा! आर्चविकी हा त्यांचा माहितीकोश मात्र बिनदिक्कत वाचा. डेबियनवाले वाचतात, फेडोरावाले वाचतात. मग आपापल्या घरी जाऊन शेजारच्या परसातल्या कढीपत्त्याची फोडणी स्वतःच्या आमटीला देतात.

मिंटचं स्वतःचं फोरम आहे म्हणता? तिकडे फिरकू नका. लोक बरे आहेत, 'इनक्सी' ही हार्डवेअरची यादी देणारी कमांड चालवून माहिती द्या म्हणतात आणि उत्तर देऊन टाकतात. मग काय मजा?

आयआरसी या जुन्या चॅटवर थेट विचारायचं तर आधी गाव ठरवा. मे 2021 मध्ये मालकीवरून वाजलं, फ्रीनोड या आयआरसी जाळ्याचे स्वयंसेवक राजीनामे देऊन बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा.चॅट हे नवं जाळं थाटलं. जुन्या चॅनलच्या माथ्यावर नुसता 'लिबेरा'चा उल्लेख दिसला म्हणून फ्रीनोडने शेकडो चॅनलं ताब्यात घेतली. घर सोडताना दारावर नवा पत्ता चिकटवायचीही चोरी.

आणि हे सगळं जमेना, तर चॅटजीपीटी आहेच. डिसेंबर 2022 मध्ये स्टॅक एक्स्चेंजच्याच घराण्यातल्या स्टॅक ओव्हरफ्लोने त्याची उत्तरं चिकटवायला बंदी घातली. मे 2024 मध्ये चॅटजीपीटीच्याच कंपनीशी सोयरीक जुळवली. वर्षानुवर्षं फुकट लिहिलेली आपली उत्तरं रागाने खोडायला निघालेल्या काहींची खातीच काही दिवस गोठवली. सगळ्या घरचं खाऊन वाढलेला हा गडी तुमचं कूळ विचारत नाही. म्हणून तर तो अगदी गोड बोलून मिंटवर आर्चचा पॅकेजं बसवणारा पॅकमन चालवायला सांगू शकतो. 'कमांड नॉट फाउंड' येईल. ती ओळ जपून ठेवा, पुढच्या दारात पहिल्यांदा तीच मागतात.