नाथसागरावरचा सराव समुद्राच्या फुटत्या लाटांत पुरत नाही

सुट्टीत कोकणात निघालेल्या संभाजीनगर, जालना, बीडकडच्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर कयाकविषयी, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीविषयी, एक संदेश फिरतो आहे: ‘पैठणच्या नाथसागरावर ज्याला कयाक जमली त्याला समुद्र अवघड नाही, लाट आली की मागे रेला, परतताना लाटेच्या माथ्यावर बसून जोरात वल्हवा, उलटलात तर किनाऱ्याकडून कयाक अडवा.’ यातला शेवटचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे.

नाथसागरावरही वारा सुटला की लाटा उठतात, हे खरे. पण त्या जवळच्या वाऱ्याच्या, आखूड लाटा असतात. समुद्रात दूरवरून आलेली लांब लाट, पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की फुटते. म्हणजे १ मीटरची लाट साधारण छातीभर पाण्यात, ऐन आपल्या वाटेवर कोसळते.

मागे रेलल्यास लाट छातीवर बसते आणि कयाकचे नाक वर उचलले जाते. अंग पुढे झुकवून, नाक लाटेला काटकोनात ठेवून वल्हवत राहावे. वल्हे तोंडासमोर आडवे धरू नये. लाटा टोळीने येतात, म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे किनाऱ्यावर उभे राहून मधली उसंत हेरावी.

परतताना माथ्यावर बसलेली कयाक नाक खुपसते किंवा लाटेला आडवी होते. मोठ्या लाटा जाऊ द्याव्यात, एकीच्या पाठीमागून यावे आणि पुढची जवळ आल्यास उलटे वल्हवून थांबावे. आडवे झालोच तर कोपरे अंगाशी ठेवून लाटेकडे, म्हणजे समुद्राकडे झुकायचे. मन किनाऱ्याकडे ओढते, आणि तिकडे झुकणारा हमखास उलटतो.

आता कयाक अडवण्याविषयी. बैठकीच्या पोकळीत १५० लिटर पाणी शिरले तर तेवढ्याच किलोंचे वजन लाटेच्या वेगाने तुमच्या गुडघ्यांवर येते. कोकणात भाड्याने मिळणाऱ्या, वर बसायच्या कयाकमध्ये पाणी साचत नाही, पण ती रिकामीसुद्धा वीसेक किलोंची असते आणि लाट तिला फेकते. कयाक आणि वाळू यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये. समुद्राच्या बाजूला राहून टोकाची मूठ धरावी, आणि ती ओढून नेऊ लागली तर सोडून द्यावी. लाटा तिला किनाऱ्याला लावतात. गुडघाभर पाण्यात उतरतानाही हाच नियम: समुद्राच्या बाजूने उतरायचे आणि पुढची लाट येण्याआधी, कयाकच्या समोर न येता, बाजूने नाकाची मूठ धरून ती वाळूवर ओढायची.