जुन्या मालिका एचडीत जरूर आणा, पण त्यांना नवा रंग फासू नका

सायन्स फिक्शनच्या जुन्या मालिका एचडी करून पुन्हा विकणं म्हणजे जुनाच माल नव्या खोक्यात घालणं, असं आमच्या ग्रुपवर एका मित्रानं लिहिलं. त्याला उत्तर द्यायला बसलो आणि मेसेज एवढा लांबला की म्हटलं, इथंच टाकू. लांब पोस्टचा कंटाळा असलेल्यांसाठी आधीच सांगतो. या मालिका एचडीत याव्यात, नक्की याव्यात. पण मूळ फिल्म शिल्लक असेल तरच, आणि काम करणाऱ्यानं स्वतःची हौस त्यात मिसळली नाही तरच.

मी कोण हे सांगणार, तर कोल्हापुरात राजारामपुरीत व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे माझं. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटपासून सुरुवात केली, आता ड्रोनपर्यंत आलोय. जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं काम अजून येतं. २०१९ च्या महापुरानंतर तर चिखलानं माखलेल्या कॅसेट लोक पोत्यात घालून आणत होते. गिऱ्हाइकाचं एक वाक्य ठरलेलं असतं, "तेवढं जरा एचडी करून द्या की." मी म्हणतो, दादा, टेपवर जे उतरलंच नाही ते मी कुठनं आणू?

सगळा वाद इथंच आहे. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचं चित्र ५७६ ओळींचं, अमेरिकेतलं साधारण ४८० ओळींचं. एचडी म्हणजे १०८० ओळी. व्हिडिओ टेपवर शूट केलेल्या कार्यक्रमात मधल्या ओळी कधी नव्हत्याच. पण ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट केलेलं असेल, तर त्या निगेटिव्हमध्ये एचडीपेक्षाही जास्त तपशील भरलेला असतो. फक्त त्या काळचा टीव्ही तो दाखवू शकत नव्हता. म्हणजे प्रेक्षकानं जे पाहिलं, त्यापेक्षा कितीतरी चांगलं चित्र कॅमेऱ्यानं टिपून डब्यात बंद करून ठेवलेलं होतं.

यातली गंमत बघा. आपल्या पिढीनं दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलेली पहिली ‘स्टार ट्रेक’ मूळची १९६६ ते ६९ सालातली. ती फिल्मवर शूट झाली, फिल्मवरच कापली-जोडली गेली, इफेक्टही फिल्मवरच झाले. त्यामुळं ती एचडीत आणणं तुलनेनं सोपं होतं. तिच्याच घराण्यातली नंतरची ‘नेक्स्ट जनरेशन’ १९८७ ते ९४ ची, म्हणजे वीस वर्षांनी धाकटी. तीही ३५ मिलिमीटरवरच शूट झाली, पण वेळ आणि पैसा वाचवायला एडिटिंग आणि इफेक्टची जुळणी व्हिडिओ टेपवर केली. तयार एपिसोड फक्त टेपवर. म्हणून धाकटीचं चित्र थोरलीपेक्षा गढूळ! १९६६ चं काम चकचकीत आणि १९८७ चं धुरकट, हे कारण कळेपर्यंत कुणाला खरंसुद्धा वाटत नाही.

मग मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस कंपनीच्या लोकांनी काय केलं ते ऐका, कारण माझ्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. टेपवरचंच चित्र मोठं करायचा सोपा मार्ग त्यांनी धरला नाही. गोदामातली मूळ निगेटिव्हची हजारो रिळं बाहेर काढली आणि सातही सीझनचे १७८ एपिसोड, जुनी टेप समोर ठेवून, एकेक शॉट शोधून पहिल्यापासून पुन्हा एडिट केले. एकाच शॉटचे अनेक टेक असतात, त्यातला नेमका कुठला वापरला होता ते ओळखायचं, मग नेमक्या त्याच फ्रेमला कापायचं. यानाचे शॉट तर आणखी अवघड. मॉडेल एकदा प्रकाशात, एकदा फक्त खिडक्यांचे दिवे लावून, एकदा इंजिनच्या उजेडासाठी, असं वेगवेगळं शूट केलेलं असायचं. ते सगळे थर शोधून पुन्हा एकावर एक बसवले. जिथं फिल्मचा तुकडा सापडलाच नाही, तिथं टेपवरचं चित्र मोठं करून लावलं, आणि ते पडद्यावर लगेच ओळखू येतं. २०१२ ते २०१४ या काळात हे ब्लू-रेवर, म्हणजे एचडी डिस्कवर, आलं.

आणि त्यात दिसलं काय? सेटवरचा गालिचा, गणवेशाची शिवण, मेकअपची कड. कंट्रोल पॅनलच्या काचेवर लाइटची चमक येऊ नये म्हणून चिकटवलेले काळ्या पुठ्ठ्याचे तुकडेसुद्धा! जुन्या टीव्हीवर ते कुणाला दिसणार नाहीत, हे शूट करणाऱ्यांना माहीत होतं. काहीजण म्हणाले, भ्रम गेला. मला उलट वाटलं. दर आठवड्याला एक एपिसोड द्यायचा म्हणून रात्री जागणाऱ्या, पुठ्ठा कापून चिकटवणाऱ्या माणसाचा हात दिसला की मालिकेची किंमत माझ्या लेखी वाढते. लग्नाच्या मांडवात लाइटवर बटर पेपर लावून काम भागवलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता ज्यावरून माझं डोकं फिरतं त्याकडं येतो. १९६६ च्या मालिकेची फिल्म उत्तम होती, नुसती स्वच्छ करून स्कॅन केली असती तरी चाललं असतं. पण २००६ मध्ये, चाळीस वर्षं झाली म्हणून, यानाचे शॉट काढून तिथं कॉम्प्युटर ग्राफिक्स घातले. त्या यानाचं, एंटरप्राइझचं, मूळ मॉडेल साडेतीन मीटरच्या आसपास लांबीचं आहे, लाकूड-प्लास्टिकचं, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलंय. त्याला खरं वजन होतं, त्यावर खरा प्रकाश पडत होता. २००६ ची ग्राफिक्स आज २००६ चीच दिसतात. म्हणजे ‘जुनाट’ म्हणून काढलेलं टिकलं आणि ‘नवं’ म्हणून घातलेलं आधी जुनं झालं. नशीब एवढंच की ब्लू-रेवर दोन्ही रूपं दिली, ज्याला जे हवं ते लावावं. ही मात्र शहाणपणाची गोष्ट केली त्यांनी. ब्रिटिश ‘रेड ड्वार्फ’वाल्यांनीही १९९८ मध्ये जुन्या सीझनमध्ये असेच नवे इफेक्ट घुसडले होते. चाहत्यांनी नाकं मुरडली. पितळेच्या पातेल्याला कल्हई लावून घेतो आपण, पातेलं वितळवून त्याचा डबा करून आण म्हणत नाही.

चौकटीचंही तसंच. जुन्या चित्राची रुंदी-उंची चारास तीन, आजच्या टीव्हीची सोळास नऊ. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की आमचं गिऱ्हाईक विचारतं, "पैसे पूर्ण दिले, टीव्ही अर्धाच का भरला?" म्हणून वरून-खालून चित्र कापून पडदा भरायचा. ‘बॅबिलॉन ५’चं हेच झालं होतं. १९९३ ते ९८ ची ही मालिका. माणसांचे शॉट फिल्मवर, आणि अंतराळातली दृश्यं त्या काळात अमिगा कॉम्प्युटरवर सुरू केलेली, अर्थात टीव्हीच्या मापाचीच. डीव्हीडी काढताना रुंद पडद्याच्या मोहात ती ग्राफिक्स कापून ताणली आणि मातेरं केलं. पुन्हा नव्यानं बनवावीत म्हटलं तर मूळ कॉम्प्युटर फाइल जपलेल्या नव्हत्या. शेवटी २०२१ मध्ये आलेल्या प्रतीसाठी फिल्म नव्यानं स्कॅन केली, ग्राफिक्स आहेत तशी मोठी केली आणि चौकट पुन्हा चारास तीन ठेवली. युद्धाचे प्रसंग थोडे मऊ दिसतात, माणसांचे चेहरे सुरेख. मला हा तोडगा पटतो. जे आहे ते दाखवलं, जे नाही त्याचं सोंग आणलं नाही.

सोंगाचा विषय निघालाच आहे तर आमच्या भाच्याचं सांगतो. त्यानं परवा मोबाइल पुढं धरला, "मामा, बघा की, कसलं क्लिअर आलंय!" कुठल्यातरी एआय अ‍ॅपनं जुन्या मालिकेची क्लिप फोर-के केलेली. म्हटलं, अरे, ह्या बाबाच्या गालाला कातडी हाय का मेण? मागं उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. मशीननं तपशील शोधला नव्हता, अंदाजानं भरला होता. भाचा म्हणतो, "पण भारी दिसतंय की." या वाक्यापुढं मी हरतो, हे कबूल.

टेपवरच्या मालिकांचं काय मग? तिथं एचडीचा हट्ट सोडावा. अमेरिकेतल्या ‘ट्वायलाइट झोन’चे सहा एपिसोड काटकसर म्हणून व्हिडिओ टेपवर घेतले होते. बाकीची मालिका फिल्मवर असल्यानं ते सहा आजही वेगळे पडतात, कितीही घासा. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ची गोष्ट तर उलटी आणि जास्त दुःखाची. स्टुडिओतलं काम टेपवर. पण १९७० च्या सुरुवातीची एक कथा संपामुळं स्टुडिओ मिळेना म्हणून पूर्णच्या पूर्ण १६ मिलिमीटर फिल्मवर करावी लागली. संपानं केलेली अडवणूक त्या कथेला पावली. जुन्या ‘डॉक्टर हू’मधली तीच एक खऱ्या अर्थानं एचडीत बघता येते. आणि त्याआधीचे नव्वदहून जास्त एपिसोड आज चित्रासकट उपलब्धच नाहीत. टेप महाग, पुसून परत वापरायची पद्धत. जे वाचलं त्यातलं बरंचसं परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्म प्रतींमुळं. २०१३ मध्ये नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्राच्या सामानाच्या खोलीतून नऊ एपिसोड सापडल्याचं जाहीर झालं! हरवलेल्या भागांचा आवाज मात्र सगळा आहे, कारण पोरासोरांनी घरी टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर धरून तो भरून ठेवला होता.

"पण परवडतं का?" हा मित्राचा मुद्दा, आणि तो फालतू नाही. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या ब्लू-रेची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. लोक तोवर स्ट्रीमिंगकडं वळले होते. म्हणून त्याच घरातली ‘डीप स्पेस नाइन’ (१७६ एपिसोड) आणि ‘व्हॉयेजर’ (१७२) तशाच टेपच्या धुरात राहिल्या. ‘डीप स्पेस नाइन’वरच्या माहितीपटासाठी चाहत्यांनी वर्गणी काढली, त्यातून काही दृश्यं फिल्मवरून नव्यानं उतरवली गेली. ती बघितल्यावर मला झोप लागली नाही, इतका फरक आहे. माझं स्पष्ट मत, एकच मालिका निवडायची असेल तर हीच निवडा आणि तोट्यात करा. कंपनीला गोदामाचं भाडं, वातानुकूलन, विमा हे सगळं भरावंच लागतं. फिल्म कायमची टिकत नाही, रंग उडतात, रसायनं बिघडतात. ती टेप ओळखणारे, कुठला टेक वापरला ते आठवणारे लोकही म्हातारे होतायत. दहा वर्षांनी हेच काम दुप्पट खर्चात आणि निम्मंच चांगलं होईल.

हे कोल्हापूरकरांना तरी मी पटवून द्यायला नको. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा आहे, पण बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ आज बघायला मिळत नाही. त्याच नावाचा १९३६ चा बोलपट वेगळा. १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मला (चटकन पेट घेणारी जुनी फिल्म) आग लागली, त्यात प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा गावात सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, ‘होतं तसंच बांधा’. कुणी म्हणालं नाही की या निमित्तानं जरा मॉलसारखं करू. मग मालिकेबाबतच आपली भूमिका का बदलते?

आपल्या दूरदर्शनच्या विज्ञान मालिकांबद्दल मात्र मला एचडी नकोच आहे. ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘इंद्रधनुष’, १९९८ ची ‘कॅप्टन व्योम’. मिलिंद सोमणला अंतराळात बघून आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी केस वाढवले होते. (जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, आणि तरी आपल्या मराठी विज्ञानकथांना टीव्हीवर असं मोठं यान कधी मिळालं नाही, ही माझी वेगळी तक्रार. तिच्यावर पुन्हा कधीतरी.) या मालिकांना हवी आहे ती मूळ टेपची चांगली, न कापलेली, न घासलेली डिजिटल प्रत. ५७६ ओळी तर ५७६. प्रसार भारतीच्या संग्रहातून यूट्यूबवर जुनं बरंच काही येतंय, त्यातच हेही सगळं ओळीनं, पूर्ण यावं.

तोवर एक काम आपल्या हातातलं. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरी व्हीसीआर असणारी घरं कोल्हापुरात कमी नव्हती, आणि क्रिकेटच्या मॅचबरोबर पोरांनी या मालिकाही टेप केल्या असणार. माळ्यावर अशी कॅसेट असेल तर घेऊन या. बुरशी धरली असेल तर घरच्या प्लेअरमध्ये घालू नका, टेप तुटेल आणि हेडही खराब होईल. मी साफ करून, जाहिरातींसकट, आहे तशी उतरवून देईन, पैसे घेणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं. आणि कृपा करून एचडी करून मागू नका.