रॅम आणि स्टोरेज आधी बघा

स्वस्त छोटे लॅपटॉप घेऊच नयेत, हे लेखातलं मत मला पटलं नाही. वजन किलो-सव्वा किलो, बऱ्याच मॉडेलमध्ये पंखाच नसल्यामुळे आवाज शून्य. लिहिणं, मेल बघणं, प्रवासात नोट्स काढणं, यासाठी आणखी काय हवं? २००७ मध्ये आसूसचा ईईई पीसी हा छोटा लॅपटॉप ७ इंची स्क्रीन आणि जेमतेम ४ जीबी स्टोरेज घेऊन आला, तोही लोकांनी हौसेनं वापरला.

खरी अडचण वेगळीच आहे आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. यातल्या अनेकांत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त प्रकारचं चिपवरचं) स्टोरेज मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं, म्हणजे डाग देऊन पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे रॅम नंतर वाढवायची सोय नाही. विंडोज ११ची किमान अट नेमकी तेवढीच! मोठा अपडेट आला की जागा पुरत नाही, फायली पेनड्राइव्हवर हलवत बसावं लागतं. ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की टाइप केलेलं अक्षर उमटायलाही वेळ लागतो. विंडोजऐवजी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी आवृत्ती टाकली तर हेच मशीन बरंच सुसह्य होतं.

आणि कीबोर्डवर प्रत्यक्ष टाइप करून बघितल्याशिवाय घेऊ नका. काही ११ इंची मॉडेलमध्ये उजवीकडची शिफ्ट की इतकी बारीक असते की बोट हमखास बाजूच्या बटणावर पडतं.